दिव्यांग व्यक्तीचा सांभाळ करणारे कुटुंबीय आणि धोरणबदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या दिव्यांग माणसाचा सांभाळ करणारे आई-वडील, नवरा-बायको, भावंडं आणि मुलं हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. ते क्रमाने वाचायलाच हवेत असं नाही. एखाद्या योजनेचा किंवा नियमांचा मसुदा हातात आला असेल आणि त्यावर मत कळवायची मुदत संपत आली असेल तर थेट "मसुद्यावर नेमकं काय लिहायचं?" या प्रश्नाकडे जा.

योजना दिव्यांग व्यक्तीसाठी आहे. मग तिच्यातल्या बदलाबद्दल घरच्यांना वेगळं का विचारायचं?

कारण योजनेच्या हिशेबात तुम्हाला आधीच धरलेलं असतं, फक्त तसं तुम्हाला कोणी सांगितलेलं नसतं. मदतनीस किती तासांसाठी मंजूर करायचा हे ठरवताना "उरलेलं घरचे बघतील" हे गृहीत धरलं जातं. ऑस्ट्रेलियाने ते उघडपणे लिहून ठेवलं. तिथल्या राष्ट्रीय दिव्यांगत्व विमा योजनेच्या 2013 च्या कायद्यात असं कलम आहे की, एखाद्या मदतीसाठी पैसे द्यायचे की नाहीत हे ठरवताना कुटुंबीयांकडून, सांभाळ करणाऱ्यांकडून आणि आसपासच्या लोकांकडून किती अपेक्षा ठेवणं वाजवी आहे तेही पाहावं. सत्तरीतल्या आईने चाळिशीतल्या मुलाला उचलून खुर्चीत बसवावं, ही अपेक्षा वाजवी आहे का? ही रेषा कोण आखतं यावर त्या आईच्या पाठीचं पुढे काय होणार ते ठरतं. रेषा आखताना तिला विचारलं पाहिजे, इतकीच मागणी आहे.

दुसरं कारण असं की लाभ एकमेकांना साखळीने बांधलेले असतात. ब्रिटनमध्ये आठवड्याला किमान 35 तास सांभाळ करणाऱ्याला भत्ता मिळतो. पण तो मिळण्यासाठी ज्याचा सांभाळ करायचा त्याला दिव्यांगत्वाचा ठरावीक लाभ चालू असावा लागतो. मार्च 2025 मध्ये तिथल्या सरकारने त्या मूळ लाभाचे निकष कडक करायचा प्रस्ताव आणला. सांभाळ करणाऱ्यांच्या भत्त्याचा नियम होता तसाच राहणार होता, तरी मूळ लाभ गेला की भत्ताही जाणार होता. शिवाय निकष कडक करायच्या या प्रस्तावावर लोकांची मतं मागवलेलीच नव्हती. मतं मागवली ती त्याच कागदातल्या दुसऱ्या मुद्द्यांवर. जुलैमध्ये खासदारांच्या विरोधामुळे तो भाग विधेयकातून काढावा लागला. म्हणून शीर्षकात तुमचं नाव नसलेला मसुदाही वाचत चला.

म्हणजे आम्ही दिव्यांग व्यक्तीच्या वतीने बोलायचं का?

नाही. या विषयात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 मध्ये मंजूर झाला आणि 2008 मध्ये लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमानुसार, दिव्यांग व्यक्तींशी संबंधित कायदे आणि धोरणं करताना सरकारने दिव्यांग व्यक्तींशीच, त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत, जवळून सल्लामसलत करायची असते. यात दिव्यांग मुलंही आली. ही तरतूद सहज आलेली नाही. वर्षानुवर्षं डॉक्टर, संस्थाचालक आणि हो, नातेवाईकही, दिव्यांग माणसाला बाजूला बसवून त्याच्याबद्दल निर्णय घेत आले होते. "आमच्याबद्दल काहीही, आम्हाला वगळून नाही" या घोषणेतला राग काही अंशी आपल्यावरही आहे, हे मान्य करूनच टेबलाशी बसावं.

मग आपली जागा कुठली? माझ्या मते दोन खुर्च्या असतात आणि त्या वेगळ्याच राहिल्या पाहिजेत. एक दिव्यांग व्यक्तीची: मला कसं जगायचंय, कोणाची मदत हवी, कोणाची नको. दुसरी सांभाळ करणाऱ्याची: माझे तास, माझी झोप, माझी सुटलेली नोकरी, माझं दुखणं, मला न मिळालेलं प्रशिक्षण. दुसऱ्या खुर्चीवर बसून तुम्ही हवं तेवढं ठामपणे बोला, तिथे तुमच्याइतकं जाणकार कोणी नाही. पहिल्या खुर्चीवर आपण जाऊन बसलो की दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. सरकारला एकच आवाज ऐकू येतो आणि सोयीचा असेल तेवढाच ते उचलतं.

पण आमचं म्हणणं आणि आमच्या मुलाचं म्हणणं वेगळं असेल तर?

असणारच. त्याला स्वतंत्र राहायचं असतं, तुम्हाला त्याची काळजी वाटते. तुम्हाला महिन्यातून चार दिवस विसावा हवा असतो, त्याला अनोळखी निवासात राहायचं नसतं. हे मतभेद निवेदनातून पुसून टाकू नका. "मला विसावा हवा आहे आणि त्याला घर सोडायचं नाही, म्हणून मदतनीस घरी येईल अशी सोय करा" हे वाक्य "निवासी केंद्रं वाढवा" यापेक्षा धोरण करणाऱ्याच्या जास्त उपयोगी पडतं.

आयर्लंडमध्ये मार्च 2024 मध्ये कुटुंबात होणाऱ्या सांभाळाला राज्यघटनेत स्थान देण्याच्या दुरुस्तीवर सार्वमत झालं. वरवर पाहता सांभाळ करणाऱ्यांचा गौरवच. पण सांभाळ म्हणजे कुटुंबाचंच काम असा त्याचा अर्थ निघतो आणि सरकारवरचं बंधन पातळ राहतं, अशी टीका दिव्यांग कार्यकर्त्यांनी आणि काही सांभाळ करणाऱ्यांनीही केली. जवळजवळ 74 टक्के मतं विरोधात पडली. विरोधाची कारणं अनेक होती, पण तुमचं कौतुक करून जबाबदारी तुमच्याच गळ्यात घालणारा मसुदा ओळखायला हे उदाहरण चांगलं आहे.

आमची मुलगी बोलत नाही. तिच्या वतीने तर मीच बोलणार ना?

इथे तुमची भूमिका मोठी होते, पण वेगळ्या प्रकारे. वर सांगितलेल्या कराराच्या समितीने 2018 मध्ये सहभागाविषयी सविस्तर भाष्य प्रसिद्ध केलं. बौद्धिक दिव्यांगत्व किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्ती आणि दिव्यांग मुलं यांना कुटुंबाचा आधार हवा असेल तेव्हा कुटुंबीयांच्या संघटनांनाही त्यात स्थान आहे. अट एकच: नातेवाइकांनी त्या व्यक्तीला तिचा आवाज मिळवून द्यायचा, तो स्वतःकडे घ्यायचा नाही.

प्रत्यक्षात, तिला काय आवडतं, कशाने ती अस्वस्थ होते, नकार कसा देते हे तुम्ही पाहिलेलं असतं. ते पाहिलेलं म्हणूनच लिहा: "नवीन मदतनीस आली की ती दोन दिवस जेवत नाही, ओळखीची असेल तर तिचा हात धरून स्वतः उठते. म्हणून मदतनीस सतत बदलणाऱ्या व्यवस्थेला आमचा विरोध आहे." वाचणाऱ्याला निरीक्षण कुठे संपतं आणि तुमचं मत कुठे सुरू होतं ते दिसलं पाहिजे. चित्रांचे तक्ते, खुणा, टॅबलेट असं काही ती वापरत असेल तर तिचं स्वतःचं उत्तरही सोबत जोडा, दोन शब्दांचं असलं तरी. आणि मसुदा सोप्या भाषेत, चित्रांसह उपलब्ध करा अशी मागणी पहिल्याच दिवशी करा.

सल्लामसलत खरी आहे की नुसती औपचारिकता, हे कसं ओळखायचं?

इंग्लंडमधल्या एका शाळाबंदीच्या खटल्यातून 1985 मध्ये चार कसोट्या पुढे आल्या. 2014 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्या उचलून धरल्या. प्रस्ताव अजून आकार घेत असतानाच लोकांना विचारलं का? मत देता येईल इतकी कारणं आणि माहिती दिली का? विचार करून उत्तर द्यायला पुरेसा वेळ दिला का? आणि आलेली मतं निर्णय घेण्यापूर्वी मन लावून पाहिली का? या कसोट्या तिथल्या न्यायालयांच्या असल्या तरी कुठल्याही मसुद्याला लावून पाहायला हरकत नाही. उत्तरं लगेच मिळतात.

या कसोट्या कागदावरच राहतात असंही नाही. 2023 मध्ये ब्रिटिश सरकारने काम करण्याच्या क्षमतेच्या तपासणीचे निकष बदलण्यासाठी आठ आठवड्यांहूनही थोडी कमी मुदत देऊन मतं मागवली. हा बदल लोकांना नोकरीकडे नेण्यासाठी आहे, असं त्यात मांडलं होतं. एलन क्लिफर्ड या दिव्यांग कार्यकर्तीने न्यायालयात दाद मागितली. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने ती सल्लामसलत बेकायदा ठरवली: खर्च वाचवण्याचा हेतू नीट सांगितला नव्हता, कित्येकांचे पैसे कमी होतील हे स्पष्ट केलं नव्हतं आणि वेळही अपुरा होता.

माझी स्वतःची एक साधी खूण आहे. "तुम्हाला यातलं काय नको?" असा प्रश्न कुठेच विचारलेला नसेल, सगळे प्रश्न "अंमलबजावणी कशी करावी" एवढ्याचपुरते असतील, तर निर्णय झालेला आहे असं समजा. तरीही लिहा. पुढे दाद मागायची वेळ आली तर "हे आम्ही तेव्हाच सांगितलं होतं" याचा तोच पुरावा असतो.

दिवसरात्र सांभाळ करणाऱ्याने हे सगळं कधी लिहायचं?

मोठं लिहायचंच नाही. एक पान पुरतं, अर्धंही पुरतं. फोनवर बोलून रेकॉर्ड केलेलं म्हणणं स्वीकारणार का, ते विचारा. बैठक असेल तर ऑनलाइन हजर राहता येईल का, बैठकीच्या वेळेत घरी पर्यायी मदतनीस मिळेल का, प्रवासखर्च कोण देणार, हे लेखी विचारा. सकाळची आंघोळ-औषधांची वेळ सोडून दुपारी बैठक ठेवा, असं सांगायलाही संकोच नको. सांभाळ करणाऱ्यांना बोलावून त्यांना घराबाहेर पडता येईल अशी सोय न करणं म्हणजे आमंत्रण न दिल्यासारखंच. मुदतवाढ मागणारी दोन ओळींची पत्रं पुष्कळ घरांतून गेली तर मुदत वाढतेही.

मसुद्यावर नेमकं काय लिहायचं?

प्रस्तावना सोडून द्या, तिथे सगळं छानच असतं. आधी व्याख्या आणि पात्रतेचं कलम वाचा. तुमच्या घरचा माणूस त्यात बसतो का? ज्याचं दिव्यांगत्व दिवसागणिक कमीजास्त होतं त्याची तपासणी नेमकी चांगल्या दिवशी झाली तर काय? एकाच घरात दोन दिव्यांग असतील तर? दोन बहिणी मिळून आईला सांभाळत असतील तर भत्ता एकीलाच का?

मग पुनर्तपासणी बघा: किती वर्षांनी, कोण करणार, कुठे. त्यानंतर "लाभ कधी थांबेल" हे कलम. रुग्णालयात भरती झाल्यावर लाभ थांबत असेल, तर भरतीच्या काळात उशाशी कोण बसतं ते लिहा. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर बालकांसाठीच्या सेवा संपतात आणि प्रौढांसाठीच्या सुरू व्हायला वेळ लागतो. ही मधली दरी जवळजवळ प्रत्येक व्यवस्थेत आहे आणि मसुदा लिहिणाऱ्यांच्या ती सहसा लक्षात येत नाही. आज लाभ घेणाऱ्यांचं नवे नियम लागू झाल्यावर काय होणार आणि निर्णयाविरुद्ध अपील चालू असताना लाभ चालू राहणार का, ही दोन वाक्यं मसुद्याच्या अगदी शेवटी दडलेली असतात. ती शोधाच. चांगले-चांगले बदल शेवटी या दोन वाक्यांवर अडतात.

लिहिण्याची पद्धत साधी ठेवा. कलम कुठलं, त्याने घरात काय घडेल, त्याऐवजी काय हवं. उदाहरणार्थ:

"पुनर्तपासणी दरवर्षी करण्याबाबतचं कलम. माझ्या भावाची स्थिती जन्मजात आणि कायमची आहे. त्याला तपासणीला न्यायला दोन माणसं आणि वाहन लागतं आणि त्यानंतर कित्येक दिवस त्याची झोप बिघडते. सूचना: कायमस्वरूपी स्थिती असलेल्यांना पुनर्तपासणीतून वगळावं, गरज पडल्यास उपलब्ध कागदपत्रांवरून पडताळणी करावी."

एवढंच. "आम्हा पालकांच्या व्यथा कोणी ऐकत नाही" हे खरं असलं तरी कुठल्या कलमात काय बदलायचं ते त्यातून अधिकाऱ्याला कळत नाही.

आमच्याकडे आकडेवारी नाही.

तुमच्याकडे वही आहे. एक आठवडा तास लिहून काढा: उठवणं, भरवणं, औषधं, कूस बदलणं, रात्रीच्या हाका, कार्यालयांच्या फेऱ्या, फोनवर ताटकळणं. नुसतं "लक्ष ठेवणं" हेसुद्धा काम म्हणून लिहा. हात रिकामे असले तरी तुम्हाला उठून जाता येत नाही, हीच बाब तपासणीच्या अर्जांतून निसटते. पंधरावीस घरांनी एकाच तक्त्यात अशी नोंद केली तर त्याचं वजन वाढतं.

सगळ्यांनी एकच नमुना पत्र सही करून पाठवलं तर चालेल?

चालतं, पण बऱ्याचदा ती सगळी मिळून एकच मत म्हणून नोंदली जातात. नमुना घ्या आणि स्वतःच्या घरातल्या तीन ओळी त्यात घाला.

एका घराने लिहून काय होणार?

दरवेळी काही होतं असं म्हणणार नाही. पण झालेलं आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात केटी बेकेट नावाच्या लहानग्या मुलीला मेंदूज्वरानंतर व्हेंटिलेटरची गरज होती. ती रुग्णालयात राहिली तर सरकारी वैद्यकीय योजना खर्च देत होती. घरी आणली तर आई-वडिलांचं उत्पन्न मोजलं जायचं आणि ती अपात्र ठरायची, घरी खर्च कमी येणार असूनही. तिची आई ज्युली बेकेट हिने आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधीमार्फत हे प्रकरण वर नेलं. नोव्हेंबर 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत त्याचा उल्लेख केला, केटी घरी आली आणि 1982 मध्ये कायद्यातच अशा मुलांसाठी तरतूद झाली. ज्युलीने मांडलेला मुद्दा नेमका होता: एक नियम, त्याचा एक उलटा परिणाम आणि एक दुरुस्ती.

दुसरं उदाहरण ब्रिटनचं. सांभाळ करणाऱ्यांचा भत्ता तिथे 1976 मध्ये सुरू झाला, पण नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहित स्त्रीला तो मिळत नसे; ती तशीही घरीच असणार, हे गृहीतक. जॅकलिन ड्रेक यांनी आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडली होती. त्यांचं प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि जून 1986 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच सुमारास सरकारने नियम बदलला. असंख्य स्त्रियांना त्याचा फायदा झाला.

दोघींच्याही मागे माणसं होती, हे मात्र विसरू नका. एकटं लढत राहण्यापेक्षा संघटना शोधणं जास्त शहाणपणाचं.

भारताच्या कायद्यात सांभाळ करणाऱ्यांची दखल आहे का?

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये सांभाळ करणाऱ्याची व्याख्या आहे आणि तिच्यात मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी घेणारे पालक व कुटुंबीय येतात. जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींना काळजीवाहक भत्ता देण्याचा उल्लेखही सामाजिक सुरक्षेच्या कलमात आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात (ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठीचा न्यास) न्यासाच्या मंडळावर पालकांच्या संघटना आणि दिव्यांग व्यक्तींच्या संघटना यांना वेगवेगळ्या जागा दिल्या आहेत, म्हणजे वर म्हटलेल्या दोन खुर्च्या कायद्यातच आहेत. केंद्र सरकारच्या 2014 च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवणं अपेक्षित आहे. हरकती आणि सूचना पाठवताना या तरतुदींचा उल्लेख जरूर करा.

समितीवर सदस्य म्हणून बोलावलंय. जावं का?

आधी विचारा: समिती निर्णय घेते की फक्त सल्ला देते? दिव्यांग व्यक्ती स्वतः सदस्य आहेत का? कागदपत्रं बैठकीच्या किती दिवस आधी मिळतात? इतिवृत्त कोण लिहितं आणि ते प्रसिद्ध होतं का? इतर सदस्यांना मानधन मिळत असेल तर तुम्हाला का नाही?

उत्तरं समाधानकारक नसली तरी कधीकधी जाणं योग्य असतं. पण तिथे गेल्यावर तुमच्या नावाचा वापर "कुटुंबीयांची संमती घेतली" असा होऊ शकतो, म्हणून वेगळं मत इतिवृत्तात नोंदवायचा आग्रह धरा. आणि एकट्याने जाऊ नका. सांभाळ करणाऱ्यांची दोन माणसं असली की एकाला घरून फोन आला तरी दुसरा बसून राहतो.

टेबलाशी सहसा कोण नसतं?

भावंडं. शाळकरी वयात आई-वडिलांचा सांभाळ करणारी मुलं. वयोवृद्ध पालक, ज्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न "आमच्यानंतर काय?" हा असतो. मानसिक आजार असलेल्यांचे नातेवाईक. दूरच्या वस्तीतली, इंटरनेट नसलेली घरं. समितीला यादी मागा आणि यातलं कोण नाही ते लेखी कळवा.

आपल्या माणसाची माहिती उघड होण्याची भीती वाटते.

रास्त आहे. निदान, शौचाच्या सवयी, आक्रमक वागणं हे सगळं त्याचं खासगी आयुष्य आहे. विचारता येत असेल तर त्याला आधी विचारा. येत नसेल तर त्याच्यासमोर मोठ्याने वाचता येईल तेवढंच लिहा. निवेदन नावानिशी प्रसिद्ध होणार का ते तपासा आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती अगदी वरच्या ओळीत करा. फोटो पाठवू नका. कोणी मागितला तर कशासाठी हवा ते विचारा.

सरकारविरुद्ध बोललो तर मिळतंय तेही बंद होईल का?

मसुद्यावर मत देणं आणि तुमच्या लाभाची फाइल या वेगळ्या गोष्टी आहेत. निवेदनात अर्ज क्रमांक, लाभार्थी क्रमांक लिहू नका. तरीही धास्ती वाटत असेल तर संघटनेच्या नावाने पाठवा. ही धास्ती काल्पनिक नसते. ज्याच्या हाती मंजुरी त्याच्यावरच टीका करायची असते, तेव्हा माणूस जपूनच बोलतो, आणि सरकारला खरंच ऐकायचं असेल तर नाव न देता बोलायची सोय त्यानेच करायला हवी.

सूचना पाठवली, पुढे काहीच कळलं नाही.

पोच जपून ठेवा. मुदत संपल्यावर, किती मतं आली, कोणत्या सूचना स्वीकारल्या आणि नाकारलेल्या का नाकारल्या, हे लेखी विचारा. अंतिम नियम आले की तुमच्या प्रतीशेजारी ठेवून कलमवार ताडून बघा. सूचना नाकारली गेली असेल तरी नियम लागू झाल्यावर त्याचे परिणाम नोंदत राहा. संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या 33 व्या कलमानुसार अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यातही दिव्यांग व्यक्तींचा आणि त्यांच्या संघटनांचा सहभाग अपेक्षित आहे, तेव्हा तुमच्या नोंदी त्यांच्याकडे पोचवा.

ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय दिव्यांगत्व विमा योजनेसाठी सक्तीच्या "स्वतंत्र तपासण्या" आणायच्या ठरल्या होत्या. माणसाला न ओळखणारा तपासनीस थोड्या वेळात येऊन गरज ठरवणार, याला दिव्यांग व्यक्ती, कुटुंबं आणि सांभाळ करणारे यांनी मिळून विरोध केला आणि जुलै 2021 मध्ये तो बेत सोडावा लागला. पण गरज कशी मोजायची हा प्रश्न त्यानंतरच्या सुधारणांत तिथे पुन्हा आलाच. म्हणून जुनी निवेदनं फेकू नका. पुढच्या मसुद्याच्या वेळी तीच काढून, तारीख आणि कलम बदलून पाठवता येतात.